आतली कड

माझ्यासारख्या साठी उलटलेल्या गृहस्थाजवळ दोनच माणसांपुरती जागा असलेली, छप्पर मागे दुमडता येणारी, लाल रंगाची चिमुकली मोटार असावी, ही गोष्ट माझ्या बहुतेक परिचितांच्या अद्याप पचनी पडलेली नाही. पुण्याहून येणारे पाहुणे प्रथम गाडीकडे पाहतात, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि शेवटी माझ्या पत्नीकडे. त्या तिसऱ्या दृष्टिक्षेपात सहानुभूतीचा अंश पुष्कळ असतो. 'सामान कोठे ठेवता?' हा त्यांचा पहिला प्रश्न आणि 'मुले कोठे बसतात?' हा दुसरा. मुले आपापल्या गाड्यांत बसून आपापल्या गावी केव्हाच निघून गेली, असे उत्तर दिले म्हणजे मग ते गप्प बसतात.

ही मोटार माझदा कंपनीची मियाटा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा इंग्लंडातील हलक्या, उघड्या, दोन आसनी गाड्यांचा जमाना संपून गेला होता. त्यांचा आनंद जपानी चिकाटीची जोड देऊन पुन्हा जन्माला घालावा, असा तिच्या कर्त्यांचा मनोदय होता. घोडा आणि स्वार यांनी एकजीव व्हावे अशा अर्थाचा 'जिनबा इत्ताई' हा शब्दप्रयोग त्यांनी ब्रीद म्हणून पुढे ठेवला. माझी गाडी त्या पहिल्या पिढीतील, १९९० सालची. वजन अवघे साडेनऊशे किलोंच्या आसपास. चारही चाके वर आणि खाली अशा दोन-दोन भुजांनी धरलेली असून त्या भुजांच्या मुळाशी असलेले बोल्ट थोडे फिरवले की चाकाचा कल बदलता येतो. या सोयीबद्दल मला पूर्वी फार अभिमान वाटत असे. हल्ली तो जरा बेताने वाटतो. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो आहे.

दर रविवारी सकाळी गाडी धुण्याचा माझा परिपाठ आहे. पासाडेनातील आमच्या घरापुढे ऊन पडले की मी बादली आणि फडकी घेऊन बाहेर येतो, आणि एखाद्या शेतकऱ्याने पोळ्याच्या दिवशी बैल धुवावा तशा प्रेमाने गाडी धुतो. टायर तर मी ब्रशाने घासून काळेभोर करतो. टायरच्या खाचेत एक सेंटचे नाणे उलटे घालून खोली पाहण्याची येथे एक रीत आहे. नाण्यावरील लिंकनचे मस्तक संपूर्ण दिसू लागले की खाच सुमारे दीड मिलिमीटरपर्यंत उथळ झाली, आणि टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे. माझ्या टायरांत लिंकनसाहेब कपाळापर्यंत बुडत असत. त्यामुळे मी निश्चिंत होतो.

एके रविवारी चष्म्याचे घर हातातून निसटून गाडीखाली गेले. ते काढण्यासाठी मी जमिनीवर आडवा झालो आणि पुढच्या चाकामागे हात घातला. बोटाला काहीतरी सुईसारखे टोचले. हात बाहेर काढून पाहतो तो बोटावर रक्ताचा थेंब! विजेरी आणून वाकून पाहिले, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. टायरच्या आतल्या कडेला रबर उरलेच नव्हते. आतील पोलादी तारांची जाळी उघडी पडली होती आणि तिचा एक तुटका धागा माझ्याकडे बोट दाखवत असल्यासारखा बाहेर आला होता. उठून मी पुन्हा बाहेरच्या बाजूने पाहिले. त्या बाजूला टायर नवा होता. लिंकनसाहेब नेहमीप्रमाणे कपाळापर्यंत बुडाले.

आदल्याच आठवड्यात मी याच टायरांवर विसंबून अँजेलिस क्रेस्टच्या घाटरस्त्याने गेलो होतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणामागून वळण! टायर आणि रस्ता यांचा स्पर्श प्रत्येक चाकाशी जेमतेम तळहाताएवढा असतो. चार तळहातांच्या भरवशावर मी त्या दरीच्या काठाने गात गात गेलो होतो आणि त्यांतील दोन तळहातांची कातडी सोलून निघाली होती, याची मला गंधवार्ताही नव्हती.

गाडी ओढून नेणारे वाहन बोलावले आणि ग्लेनडेलमधील एका छोट्या कारखान्यात गेलो. तेथील मालक एक वृद्ध आर्मेनियन कारागीर आहे. त्याने चाक उतरवून समोर ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि डोळ्यांऐवजी तळहाताने टायर वाचावयास सुरुवात केली. वैद्याने नाडी पाहावी तसा त्याचा हात त्या रबरावरून फिरत होता. मग त्याने माझा हात धरून टायरवर आडवा फिरवला. एका दिशेने रबर मांजराच्या पाठीसारखे मऊ लागले. उलट दिशेने फिरवताच करवतीचे बारीक दात लागावेत तसे ते हाताला बोचले.

टायर म्हणजे गाडीची रोजनिशी आहे, हे मला त्या दिवशी समजले. हवा सदोदित कमी ठेवली तर दोन्ही कडा झिजतात; अधिक भरली तर मधला पट्टा झिजतो. धक्के शोषणारी दांडी निकामी झाली असेल तर परिघावर जागोजाग खळगे पडतात. चाक आत किंवा बाहेर कललेले असेल तर त्या बाजूची कड गुळगुळीत झिजते. आणि चाकाचे तोंड गाडीच्या दिशेशी जुळत नसेल, तर मी आता वर्णन केलेले करवतीचे दात उमटतात. माझ्या टायरने शेवटच्या दोन्ही तक्रारी एकाच वेळी नोंदवून ठेवल्या होत्या. मी मात्र ती वही दर रविवारी बाहेरून पुसून ठेवत होतो, उघडून कधी वाचली नव्हती.

येथे थोडा शास्त्रार्थ सांगणे प्राप्त आहे. चाकाच्या उभ्या कलास कारखान्यात 'कॅम्बर' म्हणतात. चाकांचे माथे गाडीच्या अंगाकडे किंचित झुकवले, तर वळणावर गाडी कलंडू लागली असता बाहेरच्या चाकाचा संपूर्ण तळवा रस्त्यावर टेकतो आणि पकड वाढते. शर्यतीच्या गाड्यांची चाके समोरून पाहिली असता वर निमुळती दिसतात, ती याचसाठी. परंतु सरळ रस्त्यावर तेच चाक आतल्या कडेवर अधिक भार देऊन चालते. दुसरा गुण 'टो'. म्हणजे चाकांचे चवडे आत वळलेले आहेत की बाहेर, याचा हिशेब. पुढच्या चाकांचे चवडे किंचित बाहेर ठेवले, तर आतल्या बाजूचे चाक वळणाकडे अगोदरच तोंड करून असते, आणि गाडी वळणात उडी घेण्यास आतुर होते. सरळ रस्त्यावर मात्र ती फेंगड्या माणसासारखी चालते. डावे चाक डावीकडे जाऊ पाहते, उजवे उजवीकडे. दोघांनाही जाता येत नाही, म्हणून दोघेही रस्त्यावर घासत राहतात.

हे सर्व मी स्वतःच करवून घेतले होते. दोन वर्षांपूर्वी घाटात भेटलेल्या एका तरुण शौकिनाच्या सल्ल्याने गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठर स्प्रिंगा बसवल्या, चाके दोन अंश आत झुकवली आणि चवडे तीन मिलिमीटर बाहेर काढले. पहिल्या वळणावरच मला वाटले की, माझे वय वीस वर्षांनी कमी झाले!

"कललेल्या चाकाला उगाच दोष देतात लोक," म्हातारा कारागीर म्हणाला. "नुसता कल फार सावकाश खातो. रबर खातो तो चवडा. कल फक्त कोणती बाजू खायची तेवढे दाखवून देतो."

तीन मिलिमीटर! बोटाच्या नखाच्या जाडीच्या काही पट, एवढेच. घरी येऊन मी कागदावर गणित मांडले. माझ्या टायरचा व्यास सुमारे अठ्ठावन्न सेंटिमीटर. तीन मिलिमीटर दोन चाकांत वाटून दिले तर प्रत्येक चाकाच्या वाट्यास दीड आले. म्हणजे गाडी एक किलोमीटर सरळ गेली, तर प्रत्येक चाकास तिने सुमारे अडीच मीटर आडवे ओढले. रबर लवचिक असते, ते यांतील काही भाग वाकून सोसते. पण सोसण्यालाही मर्यादा असते. ते टायर चौदा हजार किलोमीटर चालले होते. त्या अवधीत प्रत्येक पुढचे चाक सुमारे छत्तीस किलोमीटर नुसते आडवे ओढले गेले होते! पुण्याहून तळेगावापर्यंत एखाद्यास पायाला धरून फरफटत न्यावे, तसा हा प्रकार झाला.

टायरच्या अंगावर '२००' हा आकडा कोरलेला होता. वेस्ट टेक्सासमधील चारशे मैलांच्या ठराविक रस्त्यावर ७,२०० मैल गाड्या चालवून, प्रमाण म्हणून घेतलेल्या टायरशी झिजेची तुलना करून हे आकडे ठरवतात. प्रमाण टायर १०० धरला, तर माझा त्याच्या दुप्पट टिकावा. पण त्या परीक्षेतील गाड्यांची चाके नीट जुळवलेली असतात. पत्रिकेत आयुष्य कितीही लिहिलेले असो, ते घरच्या वागणुकीवर अवलंबून असते, हे ज्योतिषी सांगत नाहीत तसे टायरवाल्यांनीही येथे सांगितलेले नाही.

ते आकडे मांडीत असता मला माझ्या आजोळचा बैलगाड्यांचा रस्ता आठवला. आमच्या लहानपणी सुतार चाक जुळवून देई, मग लोहार लोखंडाची धाव लालभडक तापवून त्यावर चढवी, आणि वर पाणी ओतले की वाफेचा लोट उठून ती धाव आकसून चाकाला घट्ट मिठी मारी. गाडीची दोन्ही चाके एकाच कण्यावर. एकाने डावीकडे पाहावे आणि दुसऱ्याने उजवीकडे, असा प्रसंग तेथे उद्भवतच नसे. वर्षानुवर्षे त्याच मापाच्या गाड्या जाऊन रस्त्याला दोन खोल रेषा पडत. त्याच त्या 'चाकोऱ्या'. पुढे आम्ही शहरात आलो, आणि तो शब्द केवळ कंटाळवाण्या आयुष्याला नावे ठेवण्यासाठी वापरू लागलो. चाकोरीबाहेर पडण्यासाठीच तर मी ही लाल गाडी घेतली होती.

चार चाकांच्या घोडागाडीत पूर्वी पुढचा कणा संपूर्ण वळत असे. म्यूनिकच्या लँकेन्स्पेर्गर नावाच्या कारागिराने ती रीत मोडून पुढच्या प्रत्येक चाकाला वळण्यासाठी स्वतंत्र खुंटी दिली. रुडॉल्फ आकरमान या त्याच्या प्रतिनिधीने १८१८ साली लंडनमध्ये त्या युक्तीचे पेटंट घेतले. आणि जगाची रीत अशी की, तिला आज नाव आहे ते प्रतिनिधीचे. मोटारींनी पुढे हीच व्यवस्था स्वीकारली. दोन चाकांना स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याबरोबरच त्यांचा मेळ राखण्याची जबाबदारी माणसावर येऊन पडली. एका कण्यात जखडलेल्यांना मेळ शिकवावा लागत नाही.

मी म्हाताऱ्याला म्हटले, "मग आता दोन्ही चाके अगदी समांतर करून टाका. केसाचाही फरक नको."

तो हसला. "उभ्या गाडीची समांतर चाके चालत्या गाडीत समांतर राहत नाहीत," तो म्हणाला. रस्ता चाकांना मागे रेटतो. भुजांच्या सांध्यांत रबराचे तुकडे असतात, ते दबतात, आणि पुढची चाके आपोआप बाहेर उघडू लागतात. म्हणून जाणता कारागीर ती उभी असता एकमेकांकडे किंचित वळवून ठेवतो. चालू लागली की मग ती सरळ होतात. त्याचा बेत एकूण दीड मिलिमीटर आत वळवण्याचा होता.

आमच्याकडे पती-पत्नी ही संसाररथाची दोन चाके, हे वाक्य लग्नाच्या पंक्तीत इतक्या वेळा ऐकावयास मिळते की त्याचा अर्थ कानांवरून निसटून जातो. बोलणाऱ्यांपैकी कोणी कधी चाके जुळवली असतील, असे मला वाटत नाही. जुळवली असती, तर उभ्या रथाची चाके कितीही सरळ दिसली तरी रस्ता त्यांना हळूहळू बाहेर उघडतो, आणि म्हणून थोडे एकमेकांकडे वळून असावे लागते, एवढे तरी त्यांनी सांगितले असते.

पण हा विचार मला तेव्हा सुचला नव्हता. तो सुचण्यास आणखी एक प्रश्न व्हावा लागला. गाडी मोजणीच्या फळ्यांवर चढवून, चाकांना खुणेच्या चकत्या लावून म्हाताऱ्याने वाळूच्या पिशव्या आणल्या. माणूस बसला की स्प्रिंगा दबतात आणि चाकांचा कल बदलतो, म्हणून चांगले कारागीर आसनावर माणसाइतके वजन ठेवून मगच माप घेतात. माझे वजन विचारून त्याने एका आसनावर पिशव्या रचल्या आणि सहज विचारले, "एकटेच फिरता, की कुणी सोबत असते?"

'सोबत असते' असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले. पण त्याचे लक्ष अगोदरच त्या दोन आसनांकडे गेले होते, आणि त्याच्या मागोमाग माझेही गेले. माझ्या आसनाचे कापड कडेला विरून आतील स्पंज दिसू लागला होता. शेजारचे आसन कोरे करकरीत होते.

"समजले," असे म्हणून त्याने उरलेल्या पिशव्या बाजूला ठेवल्या.

गाडी आणली त्या पहिल्या वर्षी ती माझ्या शेजारी बसत असे. डोक्याला रुमाल बांधून, वाऱ्यावर मोठ्याने बोलत ती समुद्रापर्यंत येई. नव्या स्प्रिंगा बसल्यानंतर एकदा की दोनदा आली असेल. रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला गाडी दणका देई. तिची कंबर दुखते हे मला ठाऊक होते, असे मी म्हणू शकेन काय? तिने सांगितले होते खरे. पण त्यानंतर ती एवढेच म्हणू लागली की, "तुम्ही या जाऊन, मला आज जरा काम आहे." मी ती परवानगी समजलो, आणि गेलो. भांडण नाही, अबोला नाही, तक्रार नाही. बाहेरून पाहणाऱ्यास आमचा संसार धुऊन पुसून ठेवलेला दिसत असला पाहिजे. आणि मीही बाहेरूनच पाहत होतो. तीन मिलिमीटरांहून अधिक काही बिघडले नव्हते. फक्त ते दोन वर्षे, रोज, प्रत्येक किलोमीटरला बिघडलेले होते.

मी म्हाताऱ्याला थांबवले. मूळच्या स्प्रिंगा घराच्या पडवीत पडल्या आहेत, त्या आणून देतो, आधी त्या बसवा, असे सांगितले. आणि म्हटले, "दोन्ही आसनांवर वजन ठेवा."

"किती?"

मला सांगता येईना. चाळीस वर्षांच्या सहवासानंतर आपल्या पत्नीचे वजन आपल्याला ठाऊक नाही, हे कारखान्यातील तीन माणसांदेखत कबूल करण्याचा प्रसंग आला. शेवटी फोन केला.

"अहो, माझे वजन कशाला हवे आता?" तिने विचारले. तिच्या आवाजात संशय होता, आणि तो रास्त होता.

"तुझे वजन धरून चाके लावावयाची आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. एवढी की, फोन बंद झाला असे मला वाटले. मग ती म्हणाली, "एकशे चौतीस पौंड. आणि येताना कोथिंबीर आणा."

आता गाडी पूर्वीपेक्षा चार बोटे उंच दिसते. समोरच्या चाकांचा कल एक अंशावर आला आहे, आणि चवडे ठरल्याप्रमाणे दीड मिलिमीटर आत आहेत. वळणात ती पूर्वीसारखी उडी घेत नाही. थोडा विचार करून वळते. तो तरुण शौकीन मला पुन्हा घाटात भेटला, तेव्हा गाडीची उंची पाहून त्याने दुःखाने मान हलवली. मी त्याला काही समजावून सांगितले नाही. टायरच्या आतल्या कडेला हात लावून पाहा, एवढेच सांगितले. त्याने तो लावला की नाही, कोण जाणे. मलाही त्या वयात कुणी सांगितले असते, तर मी लावला नसता.

चंदनासारखे झिजावे असे आपले संत आणि शिक्षक सांगत आले. झिजण्याविषयी माझी तक्रार नाही. रस्त्यावर चालावयाचे म्हटले की रबर झिजणारच, आणि न झिजलेल्या त्या कोऱ्या आसनाकडे पाहून मला जे वाटले, ते झिजलेल्या टायरकडे पाहून वाटले नव्हते. झिजावे, पण सर्व बाजूंनी सारखे झिजावे, एवढीच माझी हल्लीची अपेक्षा आहे. रविवारी गाडी धुतल्यावर आता मी जमिनीवर जुने गोणपाट टाकतो, आडवा होतो आणि प्रत्येक टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवतो. शेजाऱ्यांना ही म्हातारपणाची नवी लहर वाटते.

घाटात मात्र ती अजून आलेली नाही. गेल्या महिन्यात दोनदा भाजीबाजारापर्यंत आली, आणि परवा ग्रंथालयापर्यंत. ग्रंथालयाचा रस्ता अगदी सरळ आहे. त्यावर एकही वळण नाही. तरीही येताना छप्पर उघडावयास तिनेच सांगितले.

घरी आल्यावर ती उतरून आत गेली. मी शेजारच्या आसनाकडे पाहिले. त्याच्या कापडावर एक बारीकशी सुरकुती पडली होती. मी ती हाताने सरळ केली नाही.